जमील नालबंदाचं ‘ग्रेट’

गेल्या महिन्यात मला पणतू झाला. नातसून शिकलेली आहे. तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “आबा, आता तुम्ही ग्रेट ग्रँडफादर झालात.”

“म्हणजे मी काय केलं?”

“काही करावं नाही लागत आबा. नुसतं जगावं लागतं.”

मला इतका आनंद झाला की मी तोंड उघडून हसलो. लेकरूही हसलं. दात दोघांनाही नव्हते. आणि त्या हसण्यातच मला जमीलचाचा आठवला. कारण आमच्या डोंगरकडा गावात हा शब्द त्यानं आणला होता, आणि त्याच्या तोंडून तो मिळवायचा तर नुसतं जगून भागत नव्हतं. मला तो त्याच्याकडून आयुष्यात एकदाच मिळाला. त्यासाठी अनवाणी पायानं ओढ्यापर्यंत जाऊन यावं लागलं, आणि सारं गाव माझ्या मागं होतं.

जमीलचाचा नालबंद. बैलांना नाल मारायचं त्याचं काम. उंची पाच फूट, पण हात सहा फुटाच्या माणसाचे. दाढीला मेंदी लावायचा, पण मेंदी दर वेळी हनुवटीपर्यंत पुरायची आणि खाली पांढरी दाढी तशीच राहायची. लांबून वाटायचं, चाचा दूध पिऊन तोंड पुसायचं विसरला. वेशीजवळच्या लिंबाखाली त्याची जागा. खिळे उपटायचा जांबूर, हातोडी, खिळ्यांचा डबा आणि एक दोरी, एवढंच दुकान.

कसलाही मारका बैल आणा. चाचा आधी त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा, मग दोरीचा एक फास टाकायचा, आणि बैल आपल्याच मर्जीनं झोपल्यासारखा आडवा व्हायचा. चार पायांना आठ नाल ठोकून झाले की दोरी सुटायची. आणि मग चाचा एक विचित्र गोष्ट करायचा. बैलाकडं पाठ करून बसायचा, डोळे मिटायचा आणि मालकाला म्हणायचा, “चलाव.”

मालक बैल दहा पावलं नेऊन आणायचा. चाचा नुसता ऐकायचा. एकदा मी विचारलं, “चाचा, बघत काहून न्हाई तुमी?”

“बघितलं की बैलाची शिंगं दिसतेत, झूल दिसते, मालकाचं तोंड दिसतं. मेरेकू पायाशी मतलब.”

नाल बराबर बसला असला तर चाचा उठायचा, बैलाच्या पुठ्ठ्यावर एक सणसणीत थाप मारायचा आणि म्हणायचा, “ग्रेट!” बसला नसला तर एक शब्द बोलायचा नाही. मागं न बघता हात लांब करून दोरी उचलायचा. बैल पुन्हा आडवा. तिसरी गोष्ट त्याच्याकडं नव्हती. ‘ठीक आहे’, ‘चालून जाईल’, असलं काही त्याच्या तोंडातून कधी निघालं नाही.

हा शब्द त्याला हिंगोलीच्या छावणीत मिळाला. लहानपणी तो तिथं घोड्यांना नाल मारायच्या कामाला जायचा. एक लालबुंद गोरा नालबंद होता, त्याच्या हाताखाली चाचा शिकला. तो गोरा घोड्याला चालवून ऐकायचा आणि थाप मारून ‘ग्रेट’ म्हणायचा. पुढं छावणी उठली, गोरा गेला, शब्द चाचाजवळ राहिला. आम्ही विचारायचो, “चाचा, गोरा आणखी काय काय बोलायचा?”

“बहुत बोलायचा. पण वो घोड्यांके सामने बोलने का था, आदमी के नई.”

आता एक शब्द रोज लिंबाखाली ऐकू येऊन राहिला, तर गाव गप्प बसतं का? वर्षा-दोन वर्षांत ज्याच्या त्याच्या तोंडी ग्रेट. आमच्या शेजारची सखुबाई लोणच्याच्या बरणीत बोट घालून म्हणायची, “औंदाचं ग्रेट उतरलं बाई!” आणि तीच सखुबाई, सून उन्हं येईपर्यंत झोपली की दारात उभी राहून म्हणायची, “उठल्या का ग्रेटबाई?” सोनाजी कोतवाल दवंडी द्यायचा, “तहसीलदारसाहेब येऊन राहिले हो! ग्रेट इंतजाम ठेवा हो!” आणि हाच सोनाजी पारावर वाघाची गोष्ट सांगायला लागला की पोरं ओरडायची, “सोनाजीकाका, ग्रेट सोडू नका!” भजनात बुवांनी वरचा सूर लावला तेव्हा मागून कोणीतरी “ग्रेट!” म्हणून ओरडलं आणि बुवांचा सूर तिथंच तुटला. माझे वडील तातेराव तर एका मयतीला गेले आणि काय बोलावं सुचेना, तेव्हा मेलेल्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “लई ग्रेट झालं बाबा.” त्या घरानं पुढं तीन वर्षं आमच्याकडं हळदीकुंकवाला पाऊल टाकलं नाही.

शेवटी गोपीचंद मास्तरांना राहवेना. आमच्या शाळेचे मास्तर. त्यांच्याकडं एक जाड इंग्रजी कोश होता, पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानंही गेलेली. तो काखेत घेऊन ते एका बाजाराच्या दिवशी लिंबाखाली आले.

“जमीलभाई, तुम्ही हा शब्द फार तोकडा वापरता. याला पुष्कळ अर्थ आहेत.”

चाचा एका खोंडाचं खूर तासत होता. “सुनाव.”

“पहिला अर्थ, मोठा. आकारानं मोठा. नदी मोठी असली तरी ग्रेट.”

“हौ. बराबर.”

“पणजोबाला ग्रेट लावतात.”

“बुजुर्ग आदमी. बराबर.”

“चौदा साली गोऱ्या लोकांची लढाई झाली. तिला ते ग्रेट वॉर म्हणतात.”

चाचाचा हात थांबला. “कौनसी? ज्याच्यात लाखो माणूस मेला, वो?”

“तीच.”

“मेरा साहब उसमेच गया होईंगा.” चाचानं खुरावरची माती पुसली. “त्या लढाईला त्यानी ग्रेट बोल्या?”

“मोठी होती ना. म्हणून.”

“और?”

मास्तरांनी पान उलटलं. ते प्रामाणिक गृहस्थ, लपवता आलं नाही. “महामूर्ख माणसालाही लावतात. ग्रेट फूल.”

लिंबाखाली हशा झाला. चाचा हसला नाही. जांबूर खाली ठेवून म्हणाला, “मास्तर, वो किताब शाळेत ठेवा. नदीला बोला, लढाईला बोला, गधेला बोला. सारा मुलूख बोलून राहिला, मी कोणाला अडवतो? पण इस लिंबाच्या खाली एकच मतलब. बैल चलेगा.”

झालं. तेव्हापासून गावात दोन ग्रेट झाले. एक गावाचं, कशालाही लावायचं. आणि एक लिंबाखालचं. त्या लिंबाखालच्या ग्रेटची कीर्ती हिंगोलीच्या बैलबाजारापर्यंत गेली. चाचा तिथंही बसायचा. बैल विकणारा सांगायचा, “नाल जमीलचा हाय,” आणि घेणारा विचारायचा, “बोलला का पण तो?”

एवढ्या साऱ्यात एकच माणूस नाराज होतं. चाचाची बायको खुर्शीदबी. ती भाकरी घेऊन यायची आणि चाचाचं जेवण होईपर्यंत समोर बसायची. चाचा बोटं चाटायचा, ढेकर द्यायचा, पण बोलायचा काही नाही. मग ती आम्हा साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “बीस बरस हुए रोटी खिलाते. बैलकू बोलते, मेरेकू एक बार नई बोले.”

“तू क्या बैल है?”

“बैल होती तो अच्छा था!”

आता माझी गोष्ट. अडतीस साल असेल. मी, म्हणजे ग्यानू, एकवीस वर्षांचा. त्याच्या आदल्या वर्षी जवारीच्या राखणीला माळ्यावर बसलो होतो, पाखरांवर गोफण फिरवता फिरवता स्वतःच खाली आलो. डावा पाय मोडला. दोन महिने पाय बांधून पडलो, पण बसला चांगला. मी पळत होतो, औत हाणत होतो. पण माझ्या एका मावसकाकांनी, त्यांना त्यांच्या मेव्हणीची पोरगी आम्हाला द्यायची होती आणि आईनं नाही म्हटलं होतं, चार गावांत उठवून दिलं की तातेरावाचं पोरगं लंगडतं. दोन सोयरिकी आलेल्या माघारी गेल्या. आई, म्हणजे नर्मदाबाई, देवाला बोलायची आणि मावसकाकालाही बोलायची.

तिसरी सोयरीक पुसेगावची. मुलीचे वडील संतराम. गोपीचंद मास्तर मध्ये. संतराम म्हणजे चार वेळा विचारून पाचव्यांदा पाऊल टाकणारा माणूस. पायाची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. पण ते वर्षानुवर्षं हिंगोलीच्या बाजारात चाचाकडून आपल्या बैलांना नाल मारून घ्यायचे. त्यांनी मास्तरांना निरोप दिला, “मी कोणाच्या सांगण्यावर जात न्हाई. डोंगरकड्याला येतो. पोरगं जमीलच्या समोर चालून दाखवा. जमील ग्रेट बोलला तर तिथंच सुपारी फोडतो. न्हाई बोलला तर चहा पिऊन जातो.”

हे ऐकून मी म्हणालो, “मी काय बैल हाव का?”

आई म्हणाली, “दोन वेळा माणूस म्हणून दाखवलं. काय झालं?”

वडील आदल्या दिवशी लिंबाखाली गेले. मी सोबत. “जमील, आपुन लहानपणापासून संगं हाव. उद्या एवढं बोलून टाक.”

“चालला की बोलतो.”

“चालतोच ना तो! तू रोज बघतोस.”

“रोज बघतो. ऐकला कुठं?”

“अरे एक शब्द तर हाय. तुझं काय जाते?”

चाचानं वडिलांच्या हातात पानाचा डबा दिला. “तातेराव, उद्या ऐकल्याबिगर बोललो, तर परवा तुझ्या बैलाला बोललेलं कोण मानंल? और संतराम मेरे भरोसे पोरगी देऊन राहिला. पोरीचं सारं आयुष्य हाय. बैल तर विकता येतो.”

वडील पान न खाताच उठले. रात्रभर आमच्या घरात चूलसुद्धा हळू बोलली असेल.

दुसऱ्या दिवशी मी सजलो. वडिलांनी हिंगोलीहून नवे चढाव आणवले होते, टोकाला वळलेले, करकर वाजणारे. पायात घातले आणि घरातून बाहेर पाऊल टाकलं तर डाव्या टाचेत विंचू चावावा तसं झालं. खिळा. मोच्याचा खिळा आतून वर आला होता. आणि मोडलेला पायही डावाच!

आता बघा माझी अवस्था. दारात पाहुणे उभे. संतराम, त्यांचे दोघं भाऊ. जोडा काढून पाय बघायला बसावं तर म्हणतील, आला पायाचा दुखणेकरी. सांगावं तर म्हणतील, बहाणा करतो. मी दात आवळले आणि लिंबाकडं निघालो. सारं गाव आधीच येऊन बसलं होतं. सखुबाईनं तर पोतं अंथरून जागा धरली होती.

चाचानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाठ केली, डोळे मिटले. “चलाव.”

मी चाललो. टाच टेकवली नाही तर लंगडेन, टेकवली तर ओरडेन. म्हणून मी मधलाच काहीतरी पाय टाकत राहिलो. दहा पावलं गेलो, दहा आलो. कपाळावर घाम.



संतरामांनी विचारलं, “काय चाचा?”

“फिरसे.”

मी पुन्हा गेलो, पुन्हा आलो. माझे चढाव करकरत होते. आणि तेव्हा चाचाचा हात, डोळे मिटलेलेच, सवयीनं लांब झाला आणि त्यानं दोरी उचलली.

सखुबाई म्हणाली, “अगं बया! पाडतोय का काय पोराला!”

कोणी हसलं, कोणी हळहळलं. चाचा भानावर आला आणि त्यानं दोरी खाली टाकली, पण जे व्हायचं ते झालं होतं. वडिलांनी मान खाली घातली. आई बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. संतराम उठले, धोतर झटकलं. “बरं तातेराव. चहा झाला, पाहुणचार झाला. येतो आमी.”

मास्तर मध्ये पडले, “अहो, थांबा जरा…”

“मास्तर, थांबून काय? जमील बोलला न्हाई.”

आणि तेवढ्यात खुर्शीदबी, भाकरीचं फडकं हातात घेऊन उभीच होती, ती कडाडली, “अजी! बैलका खुर उठाके देखते, बच्चेका कायकू नई देखते?”

चाचा चमकला. वळून माझ्याकडं बघितलं. मग काही न बोलता मला लिंबाकडं तोंड करून उभं केलं, माझे दोन्ही हात खोडावर ठेवले, डावा पाय मागं उचलला आणि बैलाचा धरतो तसा आपल्या दोन गुडघ्यांत पकडला. माझ्या होणाऱ्या सासऱ्यासमोर मी एका पायावर लिंबाला मिठी मारून उभा. चढाव ओढून काढला तर टाच लाल झालेली, तळव्यावरून रक्त खाली आलेलं.

चाचानं चढावात बोट घातलं, जांबूर घातला, एक हिसका दिला आणि अर्ध्या पेराएवढा खिळा वर धरला. साऱ्यांना दिसेल असा हात फिरवला. “देखो! मोचीका कीला! नालबंदका कीला कभी अंदर नई निकलता!” त्याला माझ्या टाचेपेक्षा आपल्या धंद्याची इज्जत वाचल्याचा आनंद जास्त झाला होता.

संतराम जवळ आले. खिळा हातात घेऊन बघितला. “कवापासून हाय हा?”

“घरून निघाल्यापासून.”

“मंग बोलला काहून न्हाईस?”

“तुमी पहिल्यांदाच आलेत. तुमच्यासमोर जोडा काढून कसं बसावं?”

संतरामांनी खिळा भावांना दाखवला. मग त्यांचा धाकटा भाऊ हळूच त्यांना म्हणाला, “दादा, आपल्या पोरीचं बोलणं हे पोरगं ऐकून घेईल.” संतराम परत बसले.

“बरं चाचा. खिळा निघाला. आता बोला.”

“अभी कैसा?” चाचाला आश्चर्य वाटलं. “कीला निकाला. चलके कहाँ देखा?”

चाचाचा कायदा असा होता: ज्या बैलाच्या पायातलं काही दुरुस्त केलं, त्याला दहा पावलांवर सोडायचं नाही. ओढ्यापर्यंत नेऊन आणायचा. मास्तर म्हणाले, “जमीलभाई, हा माणूस आहे.” चाचा म्हणाला, “माणसाला दोनच पाय. आधाच काम हाय.”

खुर्शीदबीनं हळद आणून टाचेत भरली, वर चिंधी बांधली. मी अनवाणी निघालो. बरोबर संतराम, मागं वडील, मागं मास्तर, त्यांच्या मागं सारं गाव. सोनाजी कोतवालाला राहवेना, तो पुढं जाऊन ओरडायला लागला, “बाजूला व्हा हो! नवरदेव तपासणीला येऊन राहिला हो!” सखुबाई म्हणाली, “ग्यानू, उलटा ये रे, म्हंजे मागचाबी पाय कळंल!”

वाटेत संतरामांनी मला जवारीचं विचारलं, बैलांचं विचारलं, माळ्यावरून कसा पडलो ते विचारलं. मी खरं सांगितलं, की पाखरू गेलं आणि गोफणीच्या मागं मी गेलो. ते ओढ्याच्या काठावर थांबून पोट धरून हसले. पुढं ते सांगायचे की त्यांचं ओढ्यावरच ठरलं होतं. पण परत फिरताना मी विचारलं, “मामा, मंग आता पुन्हा चाचासमोर कशाला?” तर म्हणाले, “ते तर व्हायलाच पायजे.”

आम्ही परत आलो तेव्हा चाचा तसाच पाठ करून डोळे मिटून बसला होता. झोपला होता असं सखुबाई शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी शेवटची दहा पावलं चाललो.

चाचा उठला, वळला आणि माझ्या पाठीवर त्यानं अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढं जाऊन मास्तरांच्या अंगावर पडलो.

“ग्रेट!”

तिथंच सुपारी फुटली. आईनं मावसकाकांच्या गावाकडं तोंड करून काय म्हटलं ते मी लिहीत नाही. चैत्रात लग्न झालं. सुमनबाई आमच्या घरात आली, पासष्ट वर्षं राहिली. तिला ही सारी कहाणी माहेरीच कळलेली होती. मी काही चुकलो की एवढंच म्हणायची, “चाचानं पाय बघितले. डोकं कुठं बघितलं?”

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं. सुपारी झाली, गूळ वाटला, लोक उठायला लागले. खुर्शीदबी कमरेवर हात ठेवून चाचासमोर उभी राहिली.

“कीला किसने ढुंडा?”

“मैने.”

“पाव देखो, किसने बोल्या?”

चाचानं दाढी खाजवली. “तूने.”

“लडकेकू ग्रेट बोले. मेरेकू?”

सारे थांबले. चाचा इकडं तिकडं बघायला लागला. सुटका दिसेना. मग त्याला काय सुचलं, तो म्हणाला, “पहले दस कदम चलके बता.”

हशाचा असा काही फटका आला की लिंबावरची पाखरं उडाली. खुर्शीदबी हसली नाही. तिनं भाकरीचं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि घराच्या वाटेला लागली. मागं वळून बघितलं नाही. पायात चांदीचे जुने तोडे होते, ते एका तालात वाजत गेले.

चाचानं पाठ फिरवली. डोळे मिटले. दहा पावलं झाली, वीस झाली, तोडे वळणापलीकडं गेले, तरी तो ऐकतच होता. आणि मग कोणाशी न बोलता, थाप न मारता, हळूच म्हणाला, “ग्रेट.”

तिनं काही ते ऐकलं नाही. पण सखुबाईनं ऐकलं. संध्याकाळपर्यंत सात बायका खुर्शीदबीला सांगून आल्या, आणि प्रत्येकीला तिनं तेच उत्तर दिलं, “मेरे मुंह पे बोले तो मानू.”

दुसऱ्या दिवशी मात्र चाचाच्या भाकरीवर लोण्याचा एवढा मोठा गोळा होता.